आधी मोजा, मग नाव द्या: अमेरिकन फुटबॉलमधली मांडणी ओळखण्याची पद्धत

अमेरिकन फुटबॉल बघणाऱ्या बऱ्याच जणांना आय-फॉर्मेशन, शॉटगन, ४-३, निकेल, कव्हर २ ही नावं माहीत असतात. तरीही सामना सुरू झाला की समोर नेमकं काय उभं आहे हे सांगता येत नाही. बहुतेक वेळा कारण एकच असतं: चित्र बघून नाव आठवायचा प्रयत्न होतो. चित्रं शेकडो आहेत, ती पाठ होत नाहीत. मोजायच्या गोष्टी मात्र सात-आठच आहेत. त्या ठरावीक क्रमाने मोजल्या की नाव आपोआप हाती लागतं, आणि क्रम बदलला की गोंधळ सुरू होतो. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

नियम एनएफएलचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे, धरले आहेत. कॉलेजच्या आणि शाळेच्या खेळात जिथे फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे. फ्लॅग फुटबॉल वेगळा. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत झालेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात लॉस एंजेलिस २०२८ साठी जो खेळ मंजूर झाला तो पाच-पाच जणांचा फ्लॅग फुटबॉल आहे. त्यात ब्लॉक करणारी, म्हणजे समोरच्याला अंगाने अडवणारी, लाइन नसते, त्यामुळे इथली बरीचशी मोजणी तिथे लागू पडत नाही.

## तयारी

रेकॉर्ड केलेला सामना, थांबवता येणारा प्लेअर, आणि वही-पेन्सिल एवढं पुरे. थेट प्रक्षेपणावर अभ्यास करू नका. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारी दुपारी १ वाजता सुरू होणारा सामना भारतात रात्री साडेदहाला लागतो, आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकराला. तो मजेसाठी जरूर बघा. मांडणी वाचायला मात्र दुसऱ्या दिवशीचं रेकॉर्डिंग घ्या.

टीव्हीच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात सेफ्टी (बचावाचे सगळ्यात मागचे खेळाडू) बऱ्याचदा चौकटीबाहेर असतात. शक्य असेल तर "ऑल-२२" नावाचं चित्रीकरण मिळवा. त्यात उंचावरून बावीसही खेळाडू दिसतात. ते नसेल तर रिप्ले वरच्या कोनातून दाखवला जाईपर्यंत थांबा.

वहीत प्रत्येक खेळीसाठी आधी आडवी रेघ मारा. ही लाइन ऑफ स्क्रिमेज, म्हणजे चेंडू ठेवलेल्या जागेवरून जाणारी रेषा. तिच्या खाली मधोमध एक चौकोन काढा, तो सेंटर. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन गोल काढा, ते गार्ड आणि टॅकल. ही पाच माणसं प्रत्येक खेळीत असतात, त्यामुळे त्यांची आठ-दहा चित्रं आधीच काढून ठेवा. बाकीचे सहा जण सामना बघताना भरायचे.

चित्राशेजारी दोन गोष्टी लिहा: कितवा डाऊन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितवा) आणि किती यार्ड हवेत. मैदान ५३⅓ यार्ड रुंद असतं. एनएफएलमध्ये हॅश मार्क नावाच्या छोट्या रेघांच्या दोन रांगांमध्ये साडेअठरा फुटांचंच अंतर असतं, म्हणून चेंडू जवळपास मध्यावरच ठेवला जातो. कॉलेजमध्ये हे अंतर ४० फूट आहे आणि शाळेच्या खेळात त्याहूनही जास्त. तिथे चेंडू एका हॅशवर असला की एक बाजू खूप रुंद आणि दुसरी अरुंद होते, आणि दोन्ही संघांची मांडणी त्या रुंद बाजूकडे झुकते. तुमचं मूल न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये शाळेच्या संघात खेळत असेल तर चेंडू कोणत्या हॅशवर आहे ते सगळ्यात आधी लिहा.

## टप्पा १: रेषेवर कोण, मागे कोण

ऑफेन्सच्या (चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाच्या) सगळ्या मांडण्या एका नियमातून येतात. स्नॅपच्या क्षणी, म्हणजे सेंटर चेंडू मागे देतो तेव्हा, किमान सात खेळाडू रेषेवर हवेत. रेषेवरच्या या सात जणांत सर्वांत कडेचे दोघेच पास घेऊ शकतात. मधल्या पाच जणांना, म्हणजे बहुतेक वेळा सेंटर, दोन गार्ड आणि दोन टॅकल यांना, पास घेता येत नाही. उरलेले चौघे रेषेच्या मागे, किमान एक यार्ड अंतरावर (सेंटरला चिकटून चेंडू घेणारा तेवढा अपवाद).

आता हिशेब बघा. पाच लाइनमन आणि कडेचे दोन मिळून सात, मागे चार. चारांपैकी एक क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन खेळी चालवणारा. म्हणून पास घेऊ शकणारे पाच जण उरतात आणि मांडणीतली सगळी विविधता त्या पाच जणांत असते. (शॉटगनमध्ये, म्हणजे सेंटरपासून काही यार्ड मागे, उभा असेल तर क्वार्टरबॅकही पास घेऊ शकतो. सेंटरच्या पाठीशी चिकटून उभा असेल तर एनएफएलमध्ये नाही.)

लाइनमन ओळखायला जर्सीचा क्रमांक बघा. ५० ते ७९ हे क्रमांक पास न घेणाऱ्यांचे. असा खेळाडू कडेला उभा राहून पास घेणार असेल तर त्याला आधी पंचांना सांगावं लागतं, आणि पंच तो क्रमांक मोठ्याने जाहीर करतात. ती घोषणा ऐकलीत तर चित्रात सहावा लाइनमन काढा.

नेहमीची चूक: बाहेरचा रिसीव्हर रेषेवर येऊन उभा राहिला आणि त्याच बाजूचा टाइट एंडही (टॅकलशेजारी उभा राहून ब्लॉकही करणारा आणि पासही घेणारा) रेषेवर असेल, तर टाइट एंड "झाकला" जातो. तो आता कडेचा राहिला नाही, म्हणून पास घ्यायला पात्र नाही. शाळेच्या सामन्यांत या चुकीवर सतत झेंडा पडतो. रिसीव्हर स्नॅपआधी बाजूच्या पंचाकडे हात करून विचारताना दिसतो ना, तो हेच विचारत असतो: मी रेषेवर आहे की मागे?

तपासा: तुमच्या चित्रात रेषेवर सात झाले का? सहाच दिसत असतील तर एका रिसीव्हरची जागा तुम्ही चुकीची काढली आहे. खरंच सहा असते तर पाच यार्डांचा दंड झाला असता.

## टप्पा २: दोन अंकी आकडा लिहा

पास घेऊ शकणाऱ्या पाच जणांत कोणत्या प्रकारचे किती, हे सांगणारा एक आकडा असतो. पहिला अंक रनिंग बॅकचा, म्हणजे मागून चेंडू घेऊन धावणाऱ्यांचा (त्यांच्यासाठी ब्लॉक करणारा फुलबॅक धरून), दुसरा टाइट एंडचा. पाचातून दोन्ही वजा केले की वाइड रिसीव्हर उरतात.

- ११: एक रनिंग बॅक, एक टाइट एंड, तीन रिसीव्हर. एनएफएलमध्ये सगळ्यात जास्त हेच दिसतं.
- १२: एक बॅक, दोन टाइट एंड, दोन रिसीव्हर.
- २१: दोन बॅक, एक टाइट एंड, दोन रिसीव्हर. जुन्या वळणाचा धावेचा संघ.
- २२ आणि १३: जड मांडणी, एकच रिसीव्हर. थोडे यार्ड हवे असतात तेव्हा.
- १०: टाइट एंड नाही, चार रिसीव्हर.

हा आकडा आधी लिहायचा, कारण डिफेन्सही (समोरचा बचाव करणारा संघ) आधी तोच बघतो. ऑफेन्सने माणसं बदलली की डिफेन्सला बदल करायला वेळ द्यावा लागतो. पंच चेंडूजवळ उभा राहून खेळ थांबवून धरतो तो त्यासाठीच. तिसरा रिसीव्हर आला की समोरून एक लाइनबॅकर (लाइनमनच्या मागे उभा असणारा बचावपटू) बाहेर जातो आणि पाचवा डिफेन्सिव्ह बॅक (पास अडवणारा मागचा बचावपटू) आत येतो. मांडणीचा अर्धा खेळ अशा अदलाबदलीतच ठरतो.

नेहमीची चूक: आकडा माणसांचा असतो, जागांचा नाही. टाइट एंड बाहेर साइडलाइनजवळ जाऊन उभा राहिला तरी तो टाइट एंडच. ११ चे पाचही जण पसरून उभे राहिले म्हणजे मांडणी "एम्प्टी" झाली, पण आकडा ११ च राहिला. चांगले संघ याचाच फायदा घेतात. १२ ची माणसं पाठवून समोरच्याला जड खेळाडू आणायला लावतात, आणि मग दोन्ही टाइट एंड बाहेर पसरवून त्या जड लाइनबॅकरना उघड्यावर पळायला लावतात.

## टप्पा ३: मागची फळी

आधी क्वार्टरबॅक कुठे आहे ते बघा. सेंटरला चिकटून असेल तर "अंडर सेंटर". साधारण पाच यार्ड मागे असेल तर शॉटगन. चार यार्डांच्या आसपास असून रनिंग बॅक त्याच्या सरळ पाठीमागे असेल तर पिस्टल.

मग बॅक मोजा.

अंडर सेंटर आणि मागे एकाच रेषेत दोन बॅक, फुलबॅक चारेक यार्डांवर आणि टेलबॅक (मुख्य धावणारा) सातेक यार्डांवर, तर आय-फॉर्मेशन. फुलबॅक जरा बाजूला सरकलेला असेल तर ऑफसेट आय. तो ज्या बाजूला सरकला आहे त्या बाजूला एक ब्लॉकर वाढला, हे लक्षात ठेवा. दोन्ही बॅक शेजारी-शेजारी असतील तर स्प्लिट बॅक किंवा प्रो सेट. एकच बॅक असेल तर सिंगलबॅक. एकही नसेल तर एम्प्टी.

शॉटगनमध्ये बॅक क्वार्टरबॅकच्या डाव्या की उजव्या हाताला आहे ते नक्की लिहा. साध्या धावेत तो क्वार्टरबॅकच्या समोरून पलीकडे जाताना चेंडू घेतो, म्हणून तो ज्या बाजूला उभा आहे त्याच्या उलट बाजूला धाव जाण्याची शक्यता जास्त. पिस्टलमध्ये हाच सुगावा मिळत नाही, आणि ती मांडणी वापरण्याचं मोठं कारण तेच आहे.

सावधान: "शॉटगन म्हणजे पास" हे समीकरण डोक्यातून काढून टाका. आजचे संघ शॉटगनमधून भरपूर धावतात. झोन रीड या खेळीत डिफेन्सच्या कडेच्या माणसाला मुद्दाम कोणी ब्लॉक करत नाही. क्वार्टरबॅक चेंडू बॅकच्या पोटाशी धरून त्या माणसाकडे बघत राहतो. तो बॅकवर धावला तर चेंडू स्वतःकडे ठेवून बाहेरून पळतो, जागेवर थांबला तर चेंडू बॅकला सोडून देतो.

## टप्पा ४: दोन्ही बाजूंचे रिसीव्हर मोजा

चेंडूपासून डावीकडे किती आणि उजवीकडे किती पास घेणारे आहेत ते मोजा. बॅक या मोजणीत धरायचा नाही, टाइट एंड धरायचा.

दोन्हीकडे दोन-दोन असतील तर २×२. एका बाजूला तीन, दुसरीकडे एक असेल तर ३×१, म्हणजे ट्रिप्स. एम्प्टीमध्ये ३×२. रिसीव्हरना क्रमांक बाहेरून आत द्यायचे: साइडलाइनजवळचा १, त्याच्या आतला २, मग ३. डिफेन्सचे सगळे नियम याच क्रमांकांनी लिहिलेले असतात. आतून बाहेर मोजायची सवय लागली तर पुढे कव्हरेज, म्हणजे पास अडवायची वाटणी, कधीच नीट समजणार नाही.

तीन जण घोळक्याने जवळजवळ उभे असतील तर बंच. दोघे एकामागे एक असतील तर स्टॅक. दोन्हींचा हेतू एकच: समोरच्या कॉर्नरला (बाहेरच्या रिसीव्हरसमोरच्या डिफेन्सिव्ह बॅकला) स्नॅपबरोबर रिसीव्हरला हाताने अडवता येऊ नये, आणि माणसामागे माणूस लावणाऱ्या डिफेन्डरनी एकमेकांवर आदळावं.

रेषेवर उभ्या असलेल्या बाहेरच्या रिसीव्हरला एक्स म्हणतात. दुसऱ्या बाजूचा, रेषेपासून एक पाऊल मागे असणारा झेड. टाइट एंडला वाय. एक्सला रेषेवर राहावंच लागतं, नाहीतर सात भरत नाहीत. त्यामुळे कॉर्नर त्याच्या छातीसमोर येऊन उभा राहू शकतो. झेडला मागे जागा मिळते आणि मोशनमध्येही, म्हणजे स्नॅपआधी आडवं पळत, जाता येतं. संघ आपला ताकदवान रिसीव्हर एक्सला का ठेवतो, ते इथे कळतं.

अंतरही लिहा. बाहेरचा रिसीव्हर नेहमीपेक्षा बराच आत, टॅकलपासून चार-पाच यार्डांवर आला असेल तर दोन शक्यता आहेत. एक तर तो धावेसाठी ब्लॉक करायला आला आहे, किंवा त्याला बाहेरच्या बाजूला पळायला मोकळी जागा हवी आहे.

मोशनचा नियम: स्नॅपच्या क्षणी एकच खेळाडू हलू शकतो, तोही रेषेला समांतर किंवा मागे. दोन किंवा जास्त जण हलले तर सगळ्यांनी पूर्ण एक सेकंद स्थिर व्हावं लागतं. मोशन संपल्यावर २×२ आणि ३×१ ची मोजणी पुन्हा करा. आधीचं चित्र आता रद्द.

इथवर ऑफेन्सचं वर्णन पूर्ण झालं. एका दमात असं म्हणता आलं पाहिजे: "११, शॉटगन, बॅक डावीकडे, ट्रिप्स उजवीकडे." हे जमेपर्यंत डिफेन्सकडे जाऊ नका. निदान वीस खेळ्या फक्त एवढंच लिहून काढा.

## टप्पा ५: डिफेन्स मागून पुढे वाचा

इथे जवळजवळ सगळे चुकतात. नजर आधी समोरच्या धिप्पाड लाइनमनवर जाते आणि तिथेच अडकते. डिफेन्सला ऑफेन्ससारखा सात जणांचा नियम नाही. तो कुठेही उभा राहू शकतो, स्नॅपआधी हवं तसं हलू शकतो. पण सगळ्यात मागचे खेळाडू फार खोटं बोलू शकत नाहीत, कारण त्यांना चुकीच्या जागेवरून योग्य जागी पोहोचायला अंतर कापावं लागतं. फलंदाज स्टान्स घेण्याआधी सीमारेषेवर कोण कुठे आहे ते बघून घेतो. तसं क्वार्टरबॅक आधी सेफ्टी बघतो. तुम्हीही तेच करा.

रेषेपासून दहा-पंधरा यार्ड मागे, मधल्या पट्ट्यात किती सेफ्टी आहेत?

एक: मैदानाचा मध्य बंद. कव्हर १ (एक सेफ्टी मागे, बाकी माणसामागे माणूस) किंवा कव्हर ३ (मागे तीन जण एक-तृतीयांश मैदान वाटून घेतात, पुढे चार).

दोन: मध्य उघडा. कव्हर २ (दोन सेफ्टी अर्ध-अर्ध मैदान, पुढे पाच), कव्हर ४ (दोन सेफ्टी आणि दोन कॉर्नर मिळून चार पट्टे), कव्हर ६ (एका बाजूला ४ सारखं, दुसऱ्या बाजूला २ सारखं), किंवा मागे दोन सेफ्टी ठेवून पुढे माणसामागे माणूस, ज्याला टू-मॅन म्हणतात.

शून्य: कव्हर ०. मागे कोणीच नाही, सगळे माणसामागे माणूस. उरलेले क्वार्टरबॅकवर धावून जाणार. चेंडू लगेच सुटला पाहिजे.

तपासा: स्नॅपनंतर पहिल्या दोन सेकंदांत सेफ्टी जागेवर राहिले का? दोनातला एक खाली धावला आणि दुसरा मध्यावर सरकला, तर मांडणी दोन सेफ्टींची होती पण कव्हरेज एका सेफ्टीचं. याला रोटेशन म्हणतात. वहीत "२ → १" असं लिहा. "दोन सेफ्टी दिसले म्हणजे कव्हर २" हे लिहून मोकळं होणं ही दुसऱ्या क्रमांकाची मोठी चूक आहे.

## टप्पा ६: बॉक्स मोजा

ऑफेन्सच्या लाइनच्या रुंदीएवढा, रेषेपासून पाच-सात यार्ड खोल असा आयत मनात आखा. टाइट एंड चिकटून उभा असेल तर त्यालाही आत घ्या. या आयतात डिफेन्सचे किती जण आहेत तो बॉक्सचा आकडा. आता ऑफेन्सचे ब्लॉकर मोजा. ११ च्या मांडणीत टाइट एंड चिकटून असेल तर पाच लाइनमन आणि एक टाइट एंड, म्हणजे सहा.

बॉक्समध्ये सहा, तर प्रत्येकासाठी एक ब्लॉकर. धाव काढायला हरकत नाही. सात, तर एक मोकळा राहतो. आठ, तर धाव ही जवळपास जिद्दीची गोष्ट, पण मागे माणसं कमी उरली आहेत. झोन रीडमध्ये कडेचा माणूस का सोडून देतात, ते आता कळेल. क्वार्टरबॅक नुसत्या नजरेने एक माणूस अडवून ठेवतो आणि सात विरुद्ध सहाचा तोटा भरून निघतो.

टप्पा ५ आणि ६ एकमेकांना बांधलेले आहेत. मागे दोन सेफ्टी ठेवले तर बॉक्समध्ये सहसा सहा किंवा सात. एक खाली आणला तर सात किंवा आठ. तुमची मोजणी या नियमात बसत नसेल तर पुन्हा मोजा. बहुतेक वेळा स्लॉट (आतल्या) रिसीव्हरसमोरचा निकेल, म्हणजे पाचवा डिफेन्सिव्ह बॅक, तुम्ही बॉक्समध्ये धरलेला असतो.

## टप्पा ७: फ्रंटला नाव द्या

फ्रंट म्हणजे डिफेन्सची पुढची फळी. आधी डिफेन्सिव्ह बॅक मोजा. चार म्हणजे बेस, पाच म्हणजे निकेल, सहा म्हणजे डाइम. एनएफएलमध्ये आता बेसपेक्षा निकेलच जास्त दिसतं, कारण समोर बहुतेक वेळ ११ असते. डिफेन्समध्ये जर्सीच्या क्रमांकावर विसंबू नका. २०२१ पासून क्रमांकांचे नियम सैल झाले आहेत आणि एका आकडी क्रमांकाचे लाइनबॅकरही दिसतात. कोणासमोर उभा आहे आणि अंगाने कसा आहे, ते बघा.

बेसमध्ये चार लाइनमन आणि तीन लाइनबॅकर असतील तर ४-३. तीन आणि चार असतील तर ३-४. ४-३ मधल्या मधल्या लाइनबॅकरला माइक, टाइट एंडच्या बाजूच्याला सॅम, दुसऱ्याला विल म्हणतात.

नेहमीची चूक: जमिनीला हात टेकलेले मोजून ४-३ की ३-४ ठरवणं. कडेचा पास रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) उभा राहूनही खेळतो आणि हात टेकूनही. त्याऐवजी आतले जाडजूड खेळाडू बघा. सेंटरच्या बरोब्बर समोर एक आणि दोन्ही टॅकलसमोर एक-एक असेल तर ३-४. गार्डच्या आसपास दोघे असतील तर चार जणांचा फ्रंट. ३-४ चे संघ निकेलमध्ये जाताना सहसा आतला एक जाड खेळाडू काढतात. मग २-४-५ उरतं, आणि ते कामाच्या दृष्टीने ४-२-५ सारखंच असतं. या दोनांत भेद करत बसण्यात वेळ घालवू नका.

कोण नेमका कुठे उभा आहे हे सांगायला दोन खुणा लागतात.

गॅप: सेंटर आणि गार्डमधली फट ए, गार्ड आणि टॅकलमधली बी, टॅकल आणि टाइट एंडमधली सी, त्याच्या बाहेर डी. दोन्ही बाजूंना तीच अक्षरं.

टेक्निक: सेंटरच्या नाकासमोर ०. सेंटरच्या खांद्यावर, म्हणजे ए-गॅपमध्ये १. गार्डच्या बरोब्बर समोर २, त्याच्या बाहेरच्या खांद्यावर ३. टॅकलसमोर ४, त्याच्या बाहेर ५. टाइट एंडसमोर ६, त्याच्या आतल्या खांद्यावर ७, बाहेर ९. (सातचा आकडा क्रमात बसत नाही, तो तसाच लक्षात ठेवावा लागतो.)

यातला ३ शोधा. ३-टेक्निक टाइट एंडच्या बाजूला असेल तर तो "ओव्हर" फ्रंट, उलट बाजूला असेल तर "अंडर". अंडरमध्ये सॅम बऱ्याचदा रेषेवर येऊन टाइट एंडसमोर उभा राहतो, त्यामुळे पाच लाइनमन असल्यासारखे दिसतात. ३ जिथे आहे त्याच्या पलीकडच्या गार्डसमोरची बी-गॅप लाइनमनशिवाय उरते, तिथे फक्त लाइनबॅकर असतो. ऑफेन्सला आत धाव काढायची असेल तर बहुधा ती तिथे वळवली जाते.

## टप्पा ८: कॉर्नर आणि मोशनची परीक्षा

टप्पा ५ मध्ये "कव्हर १ किंवा ३" असं अर्धवट उत्तर राहिलं होतं. ते इथे सुटतं.

कॉर्नरची नजर बघा. रिसीव्हरच्या कमरेकडे बघत असेल तर बहुधा माणसामागे माणूस. शरीर आत वळवून क्वार्टरबॅककडे बघत असेल तर झोन, म्हणजे माणसाऐवजी ठरलेली जागा राखणं. तो सात-आठ यार्ड मागे असेल तर कव्हर ३ किंवा ४ कडे कल. पाचेक यार्डांवर, रिसीव्हरच्या बाहेरच्या बाजूला, आत ढकलायच्या तयारीत असेल तर कव्हर २.

मग मोशन. रिसीव्हर एका बाजूकडून दुसरीकडे गेला आणि त्याचा डिफेन्डर त्याच्यासोबत सगळं मैदान ओलांडून पळत गेला, तर माणसामागे माणूस. कोणी पळालं नाही, सगळे फक्त एक-दोन पावलं सरकले, तर झोन.

सावधान: डिफेन्सही हे जाणतो. काही संघ झोन खेळतानाही मुद्दाम एक माणूस मोशनसोबत पळवतात. म्हणून एका सुगाव्यावर निकाल देऊ नका. नजर, अंतर आणि मोशन, तिन्हींपैकी दोन जुळले पाहिजेत.

## पूर्ण मोजलेल्या दोन खेळ्या

तिसरा डाऊन, सहा यार्ड हवेत. ऑफेन्स: ११, शॉटगन, बॅक डावीकडे. एक्स डावीकडे एकटा. उजवीकडे चिकटलेला टाइट एंड, मग स्लॉट, मग झेड. म्हणजे ट्रिप्स. डिफेन्स: सेफ्टी दोन, बारा यार्डांवर. बॉक्समध्ये सहा. डिफेन्सिव्ह बॅक पाच, म्हणजे निकेल. स्लॉट मोशनमध्ये डावीकडे जातो आणि निकेल त्याच्या पाठोपाठ पळतो. एक्ससमोरचा कॉर्नर रेषेवर, नजर रिसीव्हरवर.

हिशेब: चार जण धावून येणार, पाच जण पाच पास घेणाऱ्यांमागे, दोन मागे. बरोबर अकरा. सेफ्टी जागेवर राहिले तर टू-मॅन. आता या मांडणीतली फट शोधा. पाचही डिफेन्डर रिसीव्हरच्या मागे पाठ करून पळत आहेत, दोन सेफ्टी लांब आहेत. क्वार्टरबॅककडे बघणारं कोणी उरलेलं नाही. पायाने चपळ क्वार्टरबॅक असेल तर सहा यार्ड तो स्वतःच पळून काढतो, आणि समालोचक "डिफेन्स झोपला" म्हणतात. खरं कारण तुमच्या वहीत आधीच लिहिलेलं असतं.

पहिला डाऊन, दहा यार्ड. ऑफेन्स: १२, अंडर सेंटर, बॅक सात यार्ड मागे, दोन्ही बाजूंना टाइट एंड, बाहेर एक-एक रिसीव्हर. डिफेन्स: मागे एक सेफ्टी, दुसरा खाली उतरलेला. बॉक्समध्ये आठ: चार लाइनमन, तीन लाइनबॅकर, एक सेफ्टी. कॉर्नर सात यार्डांवर, आत वळलेले, नजर क्वार्टरबॅकवर. म्हणजे कव्हर ३.

ब्लॉकर सात, समोर आठ. धाव काढली तर एक जण मोकळा, आणि तो बहुधा खाली उतरलेला सेफ्टीच. इथे क्वार्टरबॅक रेषेवर ओरडून खेळी बदलताना दिसला तर नवल नाही. बदलली नाही तर प्ले-ॲक्शनकडे लक्ष ठेवा. चेंडू बॅकला दिल्याचं नाटक होतं, लाइनबॅकर दोन पावलं पुढे येतात, आणि त्यांच्या पाठीमागे, कॉर्नरच्या पुढे, पंधरा-अठरा यार्डांवर मोठी पोकळी तयार होते. टाइट एंड तिथेच जातो.

## मोजणीतून वगळायच्या मांडण्या

गोल लाइनजवळ दोन्ही संघ जड माणसं आणतात, तिथे सेफ्टीचे नियम लागू होत नाहीत. सामन्याच्या शेवटी क्वार्टरबॅक गुडघा टेकायला उभा असतो ती व्हिक्टरी मांडणी. पुढे असलेला संघ शेवटच्या सेकंदांत पाच-सहा जण खूप मागे ठेवतो तो प्रिव्हेंट. या तिन्ही सरावाच्या वहीत घेऊ नका, आकडेवारी बिघडते.

## सराव कसा करायचा

एका सामन्यातला एकच क्वार्टर (सामन्याचा पाव भाग) घ्या. प्रत्येक खेळीत स्नॅपच्या क्षणी चित्र थांबवा आणि या क्रमाने लिहा: आकडा, मागची फळी, रिसीव्हरची वाटणी, सेफ्टी, बॉक्स, डिफेन्सिव्ह बॅक, फ्रंट, कॉर्नर. मग खेळी सोडा आणि फक्त दोन गोष्टी तपासा: सेफ्टी हलले का, आणि मोकळा माणूस तुम्ही म्हणालात तिथेच होता का.

पहिल्या आठवड्यात एका खेळीला तीन-चार मिनिटं लागतील. घाई करून टप्पे गाळू नका. चुकलेल्या खेळ्यांना लाल खूण करा आणि चूक कितव्या टप्प्यावर झाली तो आकडा शेजारी लिहा. दोन क्वार्टर झाले की कोणता आकडा सारखा येतो ते दिसेल. पाच येत असेल तर कॅमेऱ्याचा कोन बदला, ऑल-२२ शोधा. सहा येत असेल तर निकेलला बॉक्सबाहेर ठेवून पुन्हा मोजा. दोन येत असेल तर सामना सुरू होण्याआधी त्या संघाच्या टाइट एंडचे जर्सी क्रमांक वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.